विकतचा उजेड, घरचा उजेड

आमच्याकडं कुठल्याही जिनसाची पहिली चौकशी एकच असते : घरचं का विकतचं? दूध घरचं का, तांदूळ घरचा का, मिरचीपूड घरची का. पाहुण्याला वाढताना "घरचाच घेवडा हाय, घ्या की वो," असं म्हटल्याशिवाय आईला वाढल्यासारखं वाटत नाही. घरचं म्हणजे फुकटचं, असा त्याचा अर्थ नाही. घरच्या दुधामागं शेणघाण असते, वैरण असते, पहाटे उठणं असतं. घरचं म्हणजे ज्याची वेळ आणि ज्याचं माप आपल्या हातात आहे ते. विकतच्याची वेळही दुसऱ्याची आणि मापही दुसऱ्याचं.

उजेडाबद्दल मात्र असा प्रश्न आमच्या वाडीत कुणी विचारलेला मी ऐकला नव्हता. लाईट आमच्याकडं 'येते' आणि 'जाते', पाहुण्यारावळ्यासारखी. आता गेल्या काही वर्षांत घरांवर सोलरच्या प्लेटा बसायला लागल्या आणि पहिल्यांदाच लोक विचारू लागले, "तुमची लाईट घरची का वो?"

मी पाटण तालुक्यातला, कोयनेच्या खोऱ्यातला. वीज देणारा तालुका अशीच आमची ओळख. पाण्याची वीज इथून गेली, वाऱ्याची वीज इथून गेली. आता उनाची वीज घराच्या छपरावर उतरली आहे. तेव्हा या खोऱ्यात उजेड कसकसा आला, कुणाचा होता आणि कुणाला मिळाला, हे एकदा मांडून ठेवावं असं वाटलं.

सुरुवातीचा उजेड घरचाच होता, हे आता कुणाला खरं वाटणार नाही. माझी आजी सांगायची, तिच्या माहेरी रॉकेल फक्त सणासुदीला आणि बाळंतिणीच्या खोलीत. एरवी दिवा करंजाच्या तेलाचा. नदीकाठाला करंजाची झाडं चिक्कार. उन्हाळ्यात शेंगा गोळा करायच्या, फोडून बिया काढायच्या आणि तेल्याकडं घाण्यावर द्यायच्या. तेल कडू, त्यामुळं खायच्या कामाचं नाही. दिव्याला आणि जनावरांच्या खरजेला चालायचं. धूर होई, वास येई, पण ते तेल घरचं होतं. देवापुढं तिळाचं नाहीतर करडीचं. रात्री बाहेर पडायचं तर चिंध्यांचा पलिता. बाकी सगळा उजेड चुलीचा. चूल विझली की दिवस संपला. आजी म्हणायची, "तवा अंधाराचं कुणाला येवडं वाटत नव्हतं. अंधार कळाया आधी उजेड दिसावा लागतो."

मग रॉकेल आलं. तसं ते देशात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच आलं होतं, अमेरिकेतून आणि रशियातून, पत्र्याच्या डब्यांतून. आमच्यासारख्या डोंगरातल्या वाड्यांना ते परवडायला आणखी दोन पिढ्या गेल्या. तेल संपलं तरी डबा राहायचा. त्या चौकोनी डब्यांनी गावाचा संसार सावरला. पाणी तापवायला डबा, धान्याला डबा, डबा कापून सरळ केला की छपराच्या भोकाला ठिगळ.

औषधाच्या बाटलीच्या झाकणाला भोक पाडून वात घातली की चिमणी तयार. तिच्यावर पोरांनी अभ्यास केला आणि नाकं काळी केली. ज्याच्याकडं काचेचा कंदील तो बरा. या कंदिलाची एक गोष्ट आमच्या जिल्ह्याची आहे. कराडजवळ ओगले बंधूंनी स्वदेशीच्या काळात काचेचा कारखाना काढला. तिथं तयार होणारा 'प्रभाकर कंदील' घराघरांत गेला. त्याआधी कंदील परदेशातून येत. वाऱ्यात न विझणारा देशी कंदील हातात आल्यावर माणसं रात्री पाण्याच्या पाळीला जाऊ लागली, भजनाला जाऊ लागली. कारखाना पुढं बंद पडला. ओगलेवाडी हे गाव राहिलं. कराडचं रेल्वे स्टेशन आजही ओगलेवाडीलाच आहे.

कंदिलानं उजेड वाढला, पण तो घरचा राहिला नाही. तेल रेशनवर आलं, निळ्या रंगाचं. कार्डावर जितकी माणसं त्या हिशोबानं लिटर. दुकानाची उघडायची वेळ दुकानदाराची, माप दुकानदाराचं. आई आठ दिवसांतून एकदा कंदिलाची काच राखेनं पुसायची आणि वात खाली करायची. "तेल काय तुज्या बानं काढलंय व्हय?" हे वाक्य मी अभ्यासाला बसल्यावर जितक्यांदा ऐकलंय, तितक्यांदा पाढे म्हटले नसतील. लग्नकार्याला भाड्यानं गॅसबत्ती यायची. ती पेटवणारा माणूस त्या रात्रीपुरता नवरदेवापेक्षा मोठा असायचा.

अशा काळात कोयनेचं धरण झालं.

१९५४ च्या सुरुवातीला प्रकल्पाचं काम सुरू झालं. कल्पना मोठी होती. कोयना सह्याद्रीच्या माथ्यावरून पूर्वेला वाहणारी नदी. तिला अडवायचं आणि पाणी डोंगराच्या पोटातून बोगद्यानं पश्चिमेला, कोकणाच्या बाजूला सोडायचं. घाटाची उंची आयती मिळते. त्या पडत्या पाण्यावर पोफळीला जमिनीखालच्या वीजघरात जनित्रं फिरवायची. १९६२ पासून तिथली वीज निघू लागली. पुढं टप्प्याटप्प्यानं वाढत तिची क्षमता १९६० मेगावॅटवर गेली. मुंबई-पुण्याच्या कारखान्यांची चाकं कोयनेनं फिरवली, असं शाळेच्या पुस्तकात होतं आणि ते खरंच होतं.

पुस्तकात थोडक्यात उरकलेली गोष्ट म्हणजे धरणात गेलेली गावं. शिवसागर जलाशयाच्या पाण्याखाली घरं, देवळं, भाताची खाचरं गेली. माणसं उठून सोलापूर, सांगली, ठाणे, रायगड, रत्नागिरीकडं विखुरली. काहींच्या पुनर्वसनाचे प्रश्न दोन पिढ्या झाल्या तरी मोर्चांत ऐकू येतात. त्यांच्या पाण्यावर जे दिवे लागले ते त्यांच्या नव्या वस्तीत कित्येक वर्षं लागले नाहीत. आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, कोयनानगर पडलं. मी तेव्हा वर्षाचा होतो. आई सांगते, "तुला पोटाशी धरून अंगणात आले तवा कंदील खुंटीवरनं पडून इझला. सकाळपातुर कुणाचं कोण वाचलं ते दिसंना."

माझे थोरले चुलते, आण्णा, १९६३ साली मुंबईला गेले. आमच्या भागातली निम्मी गडीमाणसं तेव्हा मुंबईलाच, कुणी गिरणीत, कुणी गोदीत, कुणी बाजारात पाठीवर पोती वाहायला. आण्णा माथाडी. मशिद बंदरच्या खोलीत चौदा माणसं आणि एक बल्ब. तिथं कुणीतरी त्यांना सांगितलं, की आता ही लाईट तुमच्या कोयनेवरनं येते. आण्णा आजही ते सांगताना हसतात : "आपल्या गावची लाईट मी मुंबईत बघितली. आणि पत्रात लिवलं, की आये, लाईट बघायची आसंल तर हिकडं ये." आजी काही गेली नाही. तिला तिच्याच खोऱ्यातली लाईट बघायला त्यानंतर सोळा वर्षं लागली.

ती सोळा वर्षं आमच्या शेताच्या वरच्या अंगाला लोखंडी मनोरे उभे होते. तारा गुणगुणायच्या, पावसाळी रात्री तर अंगावर काटा यायचा. मनोऱ्याखाली गुरं राखताना आम्ही पोरं विचारायचो, की एवढी लाईट डोक्यावरून जाते, तर खाली का सोडत नाहीत? गुरुजींनी एकदा समजावलं. त्या तारांत लाखभर नाहीतर दोन लाखांवर व्होल्ट असतात. आपल्या बल्बाला लागतात २३०. मधे दोन-तीन ठिकाणी दाब उतरवावा लागतो. मोठं उपकेंद्र, मग अकरा हजारांची लाईन, मग गावातली डीपी. या पायऱ्या बांधायला पैसा लागतो, आणि चाळीस घरांच्या वाडीसाठी तो कुणी घालायचा? कारण पटलं. तरी मनोऱ्याखाली कंदील घेऊन बसायचं कौतुक काही कमी झालं नाही.

खेड्यांना वीज देण्यासाठी १९६९ साली केंद्रानं ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ काढलं. महाराष्ट्रात राज्य वीज मंडळ १९६० पासून होतंच. पण आकडे कसे मोजले जात ते सांगायला हवं. कित्येक वर्षं नियम असा होता, की गावाच्या महसुली हद्दीत कुठल्याही कामासाठी वीज वापरली गेली, तर त्या गावात वीज पोचली असं धरायचं. म्हणजे नदीकाठाला एका बागायतदाराची मोटर सुरू झाली, की वरच्या सगळ्या वाड्या कागदावर उजळल्या. २००४ मध्ये व्याख्या बदलली : किमान दहा टक्के घरांत आणि शाळा, पंचायत अशा सार्वजनिक जागी वीज हवी. तरीही उरलेली नव्वद टक्के घरं अंधारात राहिली तरी गाव उजेडातच धरलं जायचं.

आमच्या वाडीत १९७९ च्या उन्हाळ्यात खांब आले. खांब बैलांनी ओढत वर आणले, खड्डे गावानं काढले. आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, मीटर घेतलं. दोन बल्ब, एक सोप्याला आणि एक सैपाकघरात. पहिल्या रात्री आजीनं बल्ब लागल्यावर हात जोडले आणि मग वर बघून म्हणाली, "जाळी किती झालीया गं." कंदिलात जी जळमटं वर्षानुवर्षं दिसली नव्हती, ती बल्बानं दाखवली. दुसऱ्या दिवशी घरोघर झाडणं आणि सारवणं सुरू झालं. वीज आल्याचा पहिला परिणाम म्हणजे बायकांचं काम वाढलं. दुसरा परिणाम मात्र चांगला होता : चार-पाच वर्षांनी गावात पिठाची गिरणी आली आणि जातं कोपऱ्यात गेलं.

पुढं १९८० च्या दशकाच्या अखेरीस गरिबाच्या घरी एक बल्ब देणारी कुटीर ज्योती योजना आली. टीव्ही आले, मिक्सर आले. माणसाला सवय लागली. आणि सवय पुरती लागल्यावर लोडशेडिंग आलं.

२००५ नंतरची सात-आठ वर्षं ज्यानं खेड्यात काढली त्याला सांगायला नको. राज्याची मागणी वाढली होती, नवी वीजघरं त्या मानानं झाली नव्हती, आणि तूट आली की पहिली कात्री खेड्याला. दिवसाचे दहा-बारा तास लाईट नाही. शेतीच्या मोटारीला थ्री-फेज रात्री. म्हणजे सगळं गाव झोपल्यावर शेतकरी बॅटरी घेऊन उसात पाणी पाजायला निघणार. आमच्या भागात गवे आहेत, बिबट्या आहे, साप तर पावलोपावली. शेतकऱ्याच्या घरात त्या काळात एकच बोलणं : "या आठवड्याला दिवसा का रात्री?" पाणी आपल्या विहिरीचं, ऊस आपला, मोटर आपली; आणि भिजवायची वेळ मात्र दुसऱ्यानं ठरवायची.

त्याच काळात आमच्या डोक्यावर आणखी एक वीज तयार होत होती. वनकुसवड्याच्या पठारावर नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून पवनचक्क्या उभ्या राहिल्या, एकेक करता शेकड्यांनी. रात्री त्यांचे लाल दिवे दिसायचे आणि खाली आमच्या घरात चिमणी. आई ओसरीवर बसून त्या दिव्यांकडं बघायची. "वर जत्रा भरलीया," म्हणायची. पठारावरच्या जमिनी ज्यांनी विकल्या, त्यांतल्या पुष्कळांना नंतर वाटलं की दर कळायच्या आधीच सही झाली. धरणाच्या वेळी जमीन बुडाली, आता वाऱ्याच्या वेळी ती विकली गेली. दोन्ही वेळा वीज तारेनं खाली निघून गेली.

आता उनाकडं येऊ. तेही जुनं आहे. प्रकाशानं वीज तयार होते हे फ्रान्सच्या बेकरेल यांनी १८३९ सालीच पाहिलं होतं. पण कामाचा सौर घट तयार झाला तो अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या बेल प्रयोगशाळेत, एप्रिल १९५४ मध्ये. चॅपिन, फुलर आणि पिअर्सन या तिघांनी सिलिकॉनचा तो घट केला. पडणाऱ्या उनातलं सहा टक्के त्यातून विजेत उतरायचं. गंमत बघा, कोयनेचं काम सुरू झालं ते हेच वर्ष. एकीकडं डोंगर फोडायला सुरुंग लागत होते आणि दुसरीकडं टेबलावर बोटभर पट्ट्यांवर ऊन पडत होतं. कुणी म्हटलं असतं की सत्तर वर्षांनी या दोन्ही गोष्टी पाटण तालुक्यात एकमेकींना भेटतील, तर हसले असते. सुरुवातीला ते घट इतके महाग होते की ते फक्त उपग्रहांवर बसवत. आपल्या देशात सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कंपनीनं १९७७ साली पहिला सौर घट तयार केला. पुढं योजना आल्या, सौर कंदील, सौर चूल, चौकातला सौर दिवा. आमच्या चौकातही एक लागला होता. दोन पावसाळे चालला. मग बॅटरी मेली आणि नवी कुणी आणायची यावर दोन वर्षं चर्चा झाली. खांबाला पोरांनी व्हॉलीबॉलची जाळी बांधली. सोलर म्हणजे असंच काहीतरी, असं गावाचं मत तिथं पक्कं झालं.

ते मत बदललं ते स्वस्ताईनं. २०१० नंतर प्लेटांचे भाव उतरत गेले. आज बाजारातली चांगली प्लेट उनातलं वीस-बावीस टक्के विजेत उतरवते. त्यातच छपरावरची जादा वीज तारेत सोडून तिचा हिशोब ठेवायची सोय महाराष्ट्रात २०१५ च्या नियमांनी झाली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राची सूर्यघर योजना आली. एक किलोवॅटला ३०,००० रुपये, दोनला ६०,०००, तीन किंवा जास्तीला ७८,००० रुपये अनुदान. त्याच वर्षी आमच्या तालुक्यातली मान्याचीवाडी राज्यातलं पहिलं सौरग्राम म्हणून जाहीर झाली. धरणाच्या तालुक्यातलीच वाडी, आणि लाईट आपल्याच छपरांवरची. आमच्या गावातून दोन जीप भरून माणसं बघायला गेली होती.

आल्यावर घरोघर बैठका सुरू झाल्या. आणि तिथं कळलं, की ऊन सगळ्यांवर सारखं पडत असलं तरी छप्पर सगळ्यांचं सारखं नसतं.

आमचंच सांगतो. मीटर आबांच्या नावावर. आबांना जाऊन तीस वर्षं झाली तरी दर महिन्याला बिल त्यांच्याच नावानं येतं आणि ते आम्ही भक्तिभावानं भरतो. सोलरचा अर्ज करायचा तर मीटर अर्जदाराच्या नावावर हवं. त्यासाठी वारसांची संमती, ग्रामपंचायतीचा घराचा उतारा. उताऱ्यावर तीन भावांची नावं. घराची वाटणी तोंडी झालेली, भिंती पडल्या. पण वरचा स्लॅब सामाईक. जमिनीची वाटणी झाली, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरल्या, आंब्याच्या झाडाचे वाटे ठरले. उनाचा वाटा मात्र कुणी ठरवला नव्हता. आण्णांच्या थोरल्या मुलानं मुंबईहून फोनवर सरळ विचारलं, "दादा, तुम्ही वर लोखंड ठोकणार, आणि उद्या मला मजला चढवायचा म्हटलं तर?" त्याचंही खरं होतं. पंचवीस वर्षं टिकणारी वस्तू म्हणजे पंचवीस वर्षांचा ताबाच की. दोन महिने बोलणं बंद होतं. शेवटी आण्णाच गणपतीला आले, स्लॅबवर खुर्ची टाकून बसले आणि म्हणाले, "मजला चढवशील तवा ह्येच्या प्लेटा तुज्या मजल्यावर चढतील. ल्ह्या कागदावर." तसं स्टॅम्पपेपरवर लिहून सह्या झाल्या.

दुसरी हरकत आईची. स्लॅब ही तिची जागा. उन्हाळ्यात तिथं कुरडया, पापड, सांडगे, शेवया, मिरच्या, हळद, चिंच, पावसाळ्याआधी कडधान्यं. ठेकेदाराचा माणूस टेप घेऊन माप घेत होता, तर ती जिन्यात उभी. "समदी जागा तुमीच घेतली तर वाळवण काय पाटलाच्या वाड्यावर घालू?" तो म्हणाला, "मावशी, लाईट फुकट मिळंल." आई म्हणाली, "ऊन काय आजवर इकत व्हतं व्हय?" त्याला उत्तर सुचलं नाही, आणि मलाही नाही. या घरात उनावर चालणारा कारखाना आधीपासून होता. तो बायकांचा होता म्हणून त्याची कुणी किलोवॅटात मोजणी केली नव्हती. तोडगा निघाला : सांगाडा डोक्याच्या वर उंच घ्यायचा आणि प्लेटा एका कडेला, दक्षिणेकडं तोंड करून. पुढची मोकळी जागा वाळवणाची. लोखंडाचा खर्च थोडा वाढला.

दोन किलोवॅटला चार प्लेटा, साधारण दोनशे चौरस फूट जागा. सगळा खर्च सव्वा लाखाच्या घरात, त्यातले साठ हजार अनुदानाचे मागाहून खात्यावर आले. काम कसं चालतं ते सोपं आहे. प्लेटांतून एका दिशेनं वाहणारी वीज येते, इन्व्हर्टर तिला घरच्या विजेसारखी करतो. आपल्याला लागेल ती आपण वापरतो, उरलेली खांबावरच्या तारेत जाते. रात्री आपण तारेतून घेतो. नेट मीटर येणं-जाणं दोन्ही मोजतं आणि वजाबाकी करून बिल येतं. शिल्लक युनिट पुढच्या महिन्याला जातात, ३१ मार्चला वर्षाचा हिशोब मिटतो. युनिट शून्य झाले तरी स्थिर आकार भरावाच लागतो. लाईट फुकट म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडं दिवसाला आठ-नऊ युनिट होतात. आषाढात ढग खाली उतरले की दोनावर येतात. प्लेटांना ऊन हवं, उष्णता नको; फार तापल्या की वीज कमी देतात. कोपऱ्यातल्या फणसाची सावली एका प्लेटेवर आली तरी मीटर लगेच सांगतो. वानरांची टोळी वर्षातून दोनदा येऊन प्लेटांवर बसते. आठवड्यातून एकदा सकाळी पाण्यानं धुवायच्या, धूळ आणि पाखरांची घाण साठू द्यायची नाही. म्हणजे गाय ठेवल्यासारखंच आहे. खरारा करावा लागतो.

पहिल्या मे महिन्यात भर दुपारी लाईन गेली. आणि आमचा पंखाही बंद झाला. आई वर जाऊन प्लेटा बघून आली. "डोक्यावर ऊन रणरणतंय आन् घरात लाईट न्हाई? मग ही घरची कसली?" तिला सांगितलं, की तारेत वीज नसली की हे यंत्र मुद्दाम थांबतं. नाहीतर खांबावर चढलेला वायरमन लाईन बंद आहे असं समजून हात लावेल आणि आपल्या छपरावरची वीज त्याला मारेल. आई गप्प झाली. मग म्हणाली, "त्याचं पोरगं लहान हाय. ऱ्हाऊ दे बंदच." बॅटरी घेतली तर लाईन गेल्यावरही घर चालू राहतं, पण खर्च बराच वाढतो आणि काही वर्षांनी ती बदलावी लागते. लोडशेडिंगच्या काळातली आमची जुनी बॅटरी दोन दिव्यांपुरती आहे, तिच्यावर भागवतो. तेव्हा आमच्या सोलरला मी पुरतं घरचं म्हणत नाही. अर्धेलीनं लावलेल्या शेतासारखं आहे ते. माप आपल्याकडं आलंय, वेळ अजून तारेच्या हातात आहे.

बिल मात्र खरंच उतरलं. आण्णांना फोन करून सांगितलं तर म्हणाले, "म्हंजी आता मुंबईला लाईट तू धाडतोस का काय?" मी म्हटलं, मुंबईपर्यंत कुठली जाते, पहिल्या खांबावरच संपते.

ती गोष्ट आमच्या शेजारच्या आक्काच्या कानावर गेली. आक्का एकटी राहते. तिचं घर कौलारू, वासे वाळवीनं खाल्लेले. त्यावर चार प्लेटा ठेवल्या तर घर बसेल. स्लॅब टाकायला पैसा नाही, आणि मुलगा पुण्याला भाड्यानं राहतो. वायरमननं तिला हसत हसत सांगितलं, की दुपारी तुमचा पंखा शेजाऱ्यांच्या माडीवरच्या लाईटवर फिरतो. ते खोटं नाही. वीज जवळची वाट धरते. दुपारी आमच्या घरात एक फ्रीज आणि एक पंखा. उरलेली वीज खांबावरून आधी तिच्याच घरात जात असणार. फक्त ती युनिटं माझ्या हिशोबात जमेला लागतात आणि तिच्या बिलात खर्चाला. आक्का दारात येऊन म्हणाली, "तुज्या उनाची लाईट माज्याकडं येती म्हनं. मग बिल मला का रं?"

मीटरचा नियम तिला समजावता आला असता. ती ऐकूनही घेईल. पण तिच्या कौलांवर पडणारं ऊन आमच्या स्लॅबवरच्या उनापेक्षा काही कमी नाही, हे मला कुठल्या नियमानं समजावता येईना. येत्या ग्रामसभेत शाळेच्या आणि समाजमंदिराच्या छपराचा विषय घ्यायचा आम्ही काही जणांनी ठरवलं आहे. ती दोन्ही छपरं पक्की आहेत, गावाची आहेत, आणि त्यांच्यावर कुणाचा मजला चढायचा नाही. पाणीपुरवठ्याची मोटर आणि रस्त्यावरचे दिवे त्यावर चालले, तर त्या बिलाचा बोजा गावपट्टीतून उतरेल, म्हणजे आक्काचाही उतरेल. चौकातल्या त्या जुन्या दिव्याची बॅटरी कुणी आणायची हा वाद गावाला अजून आठवतो, म्हणून यावेळी देखभालीचे पैसे आधी बाजूला काढायचे आणि मग प्लेटा घ्यायच्या, एवढं बोलून झालंय. आक्कानं विचारलं, की वाळवणाला शाळेचं पटांगण मिळंल का. तेही विषयपत्रिकेवर घेतलं आहे.